मोठा मासा, पिसांची माशी: पवईवर फ्लाय फिशिंग कसं करावं

रेवदंड्याचा माझा मामा लहानपणापासून खाडीत गरवतो. पवईला जाऊन मासा धरतो आणि परत सोडून देतो, असं मी त्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याचा घास हातातच राहिला. "धरतोस आणि सोडतोस? मग गेलास कशाला?" प्रश्न रास्त होता. एक तर पवईच्या पाण्यात सांडपाणी मिसळतं, तो मासा मला ताटात नको. दुसरं म्हणजे आठ-दहा किलोचा मासा धडधाकट परत पाठवणं हे त्याला धरण्यापेक्षा अवघड काम आहे, आणि एकदा जमायला लागलं की त्याचीच चटक लागते. म्हणून खाली काठी-दोरीबद्दल जे काही सांगितलंय ते मासा सोडायचा आहे हे धरूनच. पकडून कालवण करायचं असेल तर निम्म्या गोष्टी वेगळ्या होतील.

आधी जागा

मुंबईच्या हद्दीतले तीन तलाव सगळ्यांना ठाऊक आहेत. त्यातले विहार (१८६०) आणि तुळशी (१८७९) आजही शहराला पिण्याचं पाणी देतात आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात येतात. तिथे गळ टाकायचा विचारही करू नका. १८९०-९१ च्या सुमारास बांधलेला पवई तलाव पिण्यासाठी कामाचा राहिला नाही, आणि तिथे हौशी गळवाल्यांची वहिवाट जुनी आहे. महाराष्ट्र स्टेट अँग्लिंग असोसिएशन ही संस्था तिथलीच. परवाना, वेळा, कुठे बसता येईल, हे जाण्याआधी विचारून घ्या. मागच्या वर्षी मित्र गेला होता म्हणून यंदा चालेल असं नसतं.

पवईत मगरी आहेत, ही ऐकीव गोष्ट नाही. परदेशी व्हिडिओंमध्ये माणूस कमरेइतक्या पाण्यात उभा राहून माशाला कुरवाळत सोडतो. इथे ते चालणार नाही. पाण्यात पाय घालायचा नाही, काठावर उकिडवं बसून हात पाण्यात लोंबकळत ठेवायचे नाहीत, तिन्हीसांजेनंतर थांबायचं नाही. सोबत एक माणूस हवाच. त्याचं एक काम जाळी धरणं आणि दुसरं काम पाण्यावर नजर ठेवणं.

पाण्यात कोण आहे

कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, कारण तो पाण्याच्या वरच्या थरात तरंगणारं बारीक खाद्य गाळून खातो. २० किलोंच्या पुढे जाणारा हा मासा आपल्या गळावर बांधलेल्या पिसांच्या माशीला सहसा विचारत नाही, हे प्रामाणिकपणे सांगून टाकतो. रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळाशी. मरळ हा वेगळाच गडी: जलपर्णीच्या कडेला दबा धरतो, हवेतून श्वास घ्यायला वर येतो आणि बेडकासारखं काही हललं की झडप घालतो. चिलापी सगळीकडे, आणि नवशिक्याचा दिवस तीच वाचवते.

महाशीर या नदीतल्या मोठ्या माशासाठी मात्र घाटाकडे जावं लागतं. लोणावळ्याला टाटांच्या धरणांवर गेली कित्येक दशकं महाशीरची पैदास केली जाते. महाडजवळ वाळण कोंडीत तर देवाचे म्हणून हे मासे गावाने राखले आहेत. तिथे फक्त हात जोडायचे.

काठी आणि दोरी

नेहमीच्या गळाला शिसं किंवा कणकेचा गोळा असतो, त्याच्या वजनाने दोरी लांब जाते. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं. माशी म्हणजे गळावर बांधलेली पिसं आणि केस, तिला वजनच नाही. वजन दोरीला असतं आणि दोरी माशीला घेऊन जाते. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं सरावाचं.

८ नंबरची (हा नंबर काठीला पेलणाऱ्या दोरीच्या वजनाचा), ९ फुटांची, चार तुकड्यांची काठी घ्या. चार तुकड्यांची एवढ्यासाठी की तिची नळी लोकलमध्ये कुणाच्या बरगडीत न घुसता कांजूरमार्गपर्यंत पोहोचते. त्याच नंबरची तरंगणारी दोरी, मागे शंभरेक मीटर बॅकिंग, म्हणजे मासा लांब धावला तर पुरावा म्हणून रिळावर आधी गुंडाळलेला बारीक दोरा, चांगला ब्रेक असलेलं रीळ. दोरीच्या टोकाला ९ फुटांचा निमुळता लीडर, म्हणजे दोरी आणि माशी यांना जोडणारा पारदर्शक धागा, आणि त्याचा शेवटचा तुकडा १२ पौंडांचा ताण सोसणारा. दुकानदार म्हणेल, बारीक धागा माशाला दिसत नाही, ६ पौंडांचा घ्या. घेऊ नका. बारीक धाग्यावर मोठा मासा अर्धा तास खेळवावा लागतो, आणि दमून आलेला मासा सोडला तरी मागाहून मरू शकतो.

माशा तीन-चार प्रकारच्या पुरतात. तळासाठी वजनाचा मणी असलेली, ८ ते १० नंबरच्या गळावरची निंफ, म्हणजे पाण्यातल्या किड्याच्या अळीसारखी दिसणारी माशी. वरच्या पाण्यासाठी पावाच्या तुकड्यासारखी दिसणारी, हरणाच्या केसांची फुगीर माशी, कारण गळवाले पेंड आणि पाव टाकत असल्याने मासे त्याला सरावलेले असतात. मरळीसाठी फोमचा बेडूक, गळाच्या तोंडाशी गवत अडू नये म्हणून आडवी तार लावलेला. प्रत्येक गळाचा उलटा काटा पकडीने दाबून सपाट करा. हे घरीच करून ठेवा. काठावर मासे उसळताना दिसले की कुणाला आठवत नाही.

झटका आणि थांबा

सराव मैदानात करा, माशीच्या जागी लोकरीचा गोंडा बांधून. मी शिवाजी पार्कात सकाळी करायचो. क्रिकेटवाल्यांनी आधी टिंगल केली, मग एकेकाने काठी मागून हातात घेऊन पाहिली.

चाळीच्या गॅलरीत धुतलेली साडी वाळत घालताना आजी ती झटकायची तो हात आठवा. झटका लहान आणि शेवटी, लाट मग आपोआप टोकापर्यंत जाते. काठीचंही तसंच. दोरी सरळ समोर पसरलेली ठेवून सुरुवात करा, काठी वेग वाढवत मागे घ्या आणि कानाच्या किंचित मागे गेली की थांबवा. आता वाट पाहा. मागे दोरी उलगडून ताठ होईपर्यंत हात हलवायचा नाही. नवशिक्या इथेच घाई करतो आणि दोरी पाठीवर फटकन बसते. मान वळवून मागे पाहिलं तरी चालतं, कुणी गुण कापत नाही. ताठ झाली की तसाच वेग वाढवत पुढे आणि पुन्हा थांबा.

पवईच्या काठाला मागे झाडं आणि फिरायला आलेली माणसं असतात. तिथे रोल कास्ट शिका: दोरी पाण्यावरून हळूच ओढत काठी खांद्यामागे आणायची, दोरीचा पोटासारखा झोळ लोंबू द्यायचा आणि मग पुढे झटका. मागे काहीच जात नाही. डोळ्यांवर चश्मा आणि डोक्यावर टोपी पहिल्या दिवसापासून.

कधी जावं

पहाट गार असते म्हणून तीच उत्तम, असा माझाही समज होता. पण शेवाळ आणि वनस्पती भरपूर असलेल्या तलावात रात्रभर सगळेच श्वास घेतात आणि प्राणवायू तयार कुणीच करत नाही, त्यामुळे सूर्योदयाच्या आधी पाण्यात तो सर्वांत कमी असतो. ऊन पडून तास-दीड तास झाला की सुधारतो. मेची दुपार तर सोडूनच द्या. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे साधारण ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसात. गरम पाण्यात माशाला लागतो जास्त आणि मिळतो कमी. म्हणून माझा मोसम नोव्हेंबर ते फेब्रुवारी, सकाळी आठ ते अकरा. पावसाळ्यात कटला-रोहू अंड्यांवर असतात. नारळी पौर्णिमेपर्यंत कोळी होड्या काढत नाहीत, आपणही काठी कपाटात ठेवावी.

मासा लागला, आता

माशी पाण्यात असताना काठीचं टोक खाली, पाण्याकडे. डाव्या हाताने दोरी थोडी थोडी ओढत राहायचं. रोहू ओढत नाही, फक्त दोरी जराशी अडखळते. अडखळली की डाव्या हाताने लांब, ठाम ओढ द्या. काठी आभाळाकडे उचललीत तर माशी तोंडातून निसटते, मरळीच्या बाबतीत तर हमखास.

मोठा मासा पहिल्यांदा धावतोच. धावू द्या, पायाखालची दोरी सरसर जाईल तेव्हा तिच्यावर उभे नाही ना एवढं बघा. दोरी रिळावर आली की काम सुरू. मासा डावीकडे गेला की काठी आडवी धरून उजवीकडे ताण द्या, उजवीकडे गेला की डावीकडे. डोकं वळलं की शरीर वळतं. काठी उभी धरून नुसतं लोंबकळत राहिलं तर माशावर जोर येत नाही आणि काठीचं टोक मोडतं. तो थांबला की तुम्ही थांबू नका. श्वास त्याला मिळाला की पुन्हा पाच मिनिटं वाढली. पतंग उडवलेल्यांना ढील आणि खेच वेगळी शिकवायला लागत नाही, फक्त इथे खेच जास्त हवी. दमताना त्याच्या स्नायूंत आम्ल साचतं. नंतर त्याला जगायचंय ते ते ओझं घेऊन.

जाळी, चटई, चिमटा

माझा पहिला मोठा रोहू मी हौसेने काठावरच्या तापलेल्या सिमेंटवर ठेवला, फोन शोधला, दोन्ही बाजूंनी फोटो काढले. सोडल्यावर तो कुशीवर कलंडला आणि तसाच दूर गेला. तो जगला नसणार. त्या दिवशी बाजूला बसलेल्या म्हाताऱ्या गळवाल्याने एकच वाक्य ऐकवलं, "जाळी आधी भिजव, मग काठी जोड." तेव्हापासून क्रम तोच आहे.

लांब दांड्याची, रबरी, बिनगाठीची जाळी आधी पाण्यात भिजवायची. माशावर जाळी मारायची नाही. जाळी स्थिर धरून मासा तिच्यावर आणायचा, डोकं आधी. गळ शक्यतो जाळीतच, मासा पाण्यात असतानाच काढायचा. काठ उंच असेल किंवा पाण्याजवळ थांबणं धोक्याचं वाटलं तर जाळीसकट उचलून ओल्या, जाड चटईवर. योगासनाची जुनी चटई दोन बादल्या पाणी ओतून चालते.

हात ओले करूनच माशाला लावायचे. त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं जंतूंपासूनचं कवच आहे; कोरडा हात, टॉवेल, सनस्क्रीन लावलेली बोटं ते पुसून काढतात. कल्ल्यांत बोट कधीच नाही. ओठ धरायची पकड कटला-रोहूला लावू नका, त्यांचा ओठ मऊ असतो, फाटतो. उलटा काटा नसलेला गळ चिमट्याने ज्या वाटेने गेला त्याच वाटेने निघतो. खोल गिळला असेल तर ओढाताण न करता धागा तोंडाजवळ कापा. साधा पोलादी गळ गंजून जातो, म्हणून स्टेनलेस घेऊ नका.

फोटो हवाच असेल तर सोबत्याने आधीच फोन हातात घेतलेला असावा. एक हात शेपटीच्या मुळाशी, दुसरा छातीखाली, मासा आडवा आणि चटईपासून वीतभर वर. मनात दहा म्हणेपर्यंत पुन्हा पाण्यात. उभा लोंबकळत धरू नका. पाण्याने तोललेले त्याचे आतले अवयव हवेत खाली ओढले जातात. वजनकाट्यालाही टांगायची गरज नाही. टेपने इंचांत लांबी आणि घेर घ्या. लांबी गुणिले घेर गुणिले घेर, भागिले ८००, म्हणजे अंदाजे पौंड. ३० इंच लांब आणि २० इंच घेराचा मासा १५ पौंडांचा, म्हणजे पावणेसात किलोंच्या आसपास. गप्पांना तेवढं पुरे.

सोडणं

माशाला पाण्यात पुढे-मागे हलवून "जागं" करायची पद्धत चुकीची आहे. पाणी तोंडातून शिरून कल्ल्यांतून बाहेर जायला हवं. मागे ओढलं की उलटा प्रवाह होतो. जाळी पाण्यात धरून मासा तिच्यात सरळ, पोट खाली, राहू द्या. कल्ले एका लयीत उघडझाप करू लागले, तो स्वतःहून तोल सांभाळू लागला आणि शेपटीने जाळीला ढकलू लागला की जाळीचं तोंड खाली करा. कधी एक मिनिट लागतं, कधी दहा. या वेळात सोबत्याची नजर पाण्यावर, तुमची माशावर.

मग शेवटचा फूटभर धागा बोटांतून ओढून पाहा. खरखरीत लागला तर कापून नवी गाठ मारा. कापलेला तुकडा खिशात टाका. नायलॉनमध्ये पाणकावळ्याचा पाय अडकला की मकरसंक्रांतीच्या मांज्याने घारीची होते तीच गत त्याची होते. घरी आल्यावर जाळी आणि चटई स्वच्छ धुऊन कडक उन्हात वाळवा, नाहीतर पुढच्या रविवारी पवईची जलपर्णी तुमच्याबरोबर लोणावळ्याला जाईल.