राउंडला नातेवाइकांना बाहेर काढू नका: नव्या रेसिडेंटसाठी

मी सांगली जिल्ह्यात मेडिसिनची रेसिडेंट, म्हणजे एमबीबीएसनंतर शिकणारी निवासी डॉक्टर, दुसऱ्या वर्षाला आहे. पहिल्या वर्षी राउंडची वेळ झाली की मी हाळी द्यायचे, "चला, नातेवाईक सगळे बाहेर!" एका गुरुवारी जतकडच्या एका आजींच्या सुनेलाही असंच बाहेर काढलं. सकाळचं इन्सुलिन देऊन झालं होतं, पोहे मात्र खाटेशेजारी झाकलेले तसेच. आम्ही खाटेपाशी पोहोचलो तर आजी घामाने थबथबलेल्या, शुगर 48. शिरेतून डेक्स्ट्रोज गेल्यावर डोळे उघडले. सून दारातून म्हणाली, "मॅडम, त्यांचा गुरुवार असतो. तेच सांगायला थांबले होते."

आता मी आदल्या रात्रीच सांगते: "सकाळी नऊला राउंड आहे. पेशंटची औषधं कोण देतं घरी? त्यांनी एकट्यानेच थांबा. जुन्या गोळ्यांची पिशवी जवळ ठेवा, काय विचारायचंय ते केसपेपरच्या मागे नको, वेगळ्या कागदावर लिहा."

पण आधी पेशंटला विचारा, तेही नातेवाईक जवळ नसताना. "आजी, सूनबाईंसमोर बोललं तर चालेल ना?" नाही म्हणाल्या तर विषय संपला. एचआयव्हीचा रिपोर्ट तर खाटेपाशी उच्चारायचाच नाही. 2017 च्या कायद्याने ती माहिती गोपनीय आहे.

आपली खरी भीती वेगळीच असते. सर सगळ्यांसमोर प्रश्न विचारतील, उत्तर येणार नाही, मग हेच लोक दुपारी आपल्याला सुई लावू देतील का? ही भीती लपवू नका. मी सरांना सरळ म्हटलं, "सर, वायवा, म्हणजे तोंडी प्रश्न, ड्युटीरूममध्ये घ्या ना." सर तयार झाले. तुमचे सर वेळ वाया जातो म्हणाले, तर 2018 साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आलेला अभ्यास दाखवा: उत्तर अमेरिकेतल्या सात रुग्णालयांच्या बालरोग विभागांत राउंड घरच्यांना सामील करून, ठरावीक पद्धतीने घेतले आणि पेशंटला इजा करणाऱ्या चुका सुमारे 38 टक्क्यांनी घटल्या. मुलांचे वॉर्ड आणि आपला मेडिसिनचा वॉर्ड एक नव्हे, हे मान्य. पण गुरुवार काय, बुधवार काय, घरच्यांनाच ठाऊक असतो.

केस सांगताना आकडे इंग्रजीत सरांना द्या, पण लगेच वळून मराठीत सांगा: "किडनीचं काम मंदावलंय, म्हणून पाणी मोजून द्यायचं, दिवसाला एक लिटर." 'मास' (गाठ), 'मॅलिग्नन्सी' (कॅन्सर) असले शब्द खाटेपाशी पुटपुटू नका, लोकांना ते बरोबर कळतात आणि दिवसभर पोखरतात. जतच्या पूर्व भागातल्या घरात कन्नड बोलत असतील तर कन्नड येणारी सिस्टर सोबत घ्या.

शेवटी "समजलं का?" विचारू नका. सगळे माना डोलावतात. मी विचारते, "आता गावी फोन करून भावाला काय सांगाल?" परवा एका काकांनी सांगितलं, "पाण्याची गोळी सुरू केलीय, म्हणून भरपूर पाणी पाजायचं." ती गोळी तर अंगातलं जादा पाणी लघवीवाटे काढायला असते. मी तिथेच खाली बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.