दान मिळालेल्या स्वादुपिंडावर संशोधन करायचंय? आधी हे पाहा

टाइप १ मधुमेहात शरीराची रोगप्रतिकारशक्तीच इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशींवर उलटते. हे सगळं घडतं जठराच्या मागे, हात पोचणार नाही अशा जागी. नॉर्वेत नुकतंच निदान झालेल्या सहा जणांच्या स्वादुपिंडाचा तुकडा काढून पाहिला, पण गुंतागुंत उद्भवल्याने तो अभ्यास थांबवावा लागला. त्यामुळे भिस्त मृत्यूनंतर दान झालेल्या स्वादुपिंडांवरच. अमेरिकेतली 'एनपॉड' ही ऊतीपेढी (ऊतींचे नमुने जपून ठेवणारी संस्था) २००७ पासून ती जमवून जगभरच्या संशोधकांना नमुने पुरवते.

सुरुवात अर्जाने नको. आपला प्रश्न उंदरांवर किंवा आधीच स्कॅन करून ठेवलेल्या स्लाइडवर (काचपट्टीवरच्या ऊतीच्या पातळ कापावर) सुटतो का, ते तपासा. सुटत असेल तर नमुना मागूच नका.

मग संमतीपत्र वाचा, स्वतः वाचा. कुटुंबाने होकार नेमका कशाला दिलाय? फक्त मधुमेहाच्या संशोधनाला, की कुठल्याही? जनुकीय तपासणीला? खासगी कंपनीला नमुना देण्याला? संदिग्ध असेल तर ऊतीपेढीला विचारा, सोयीचा अर्थ काढू नका. कायद्याने सक्ती नसली तरी नीतिसमितीला प्रस्ताव दाखवावा, असं माझं मत.

आता मागणी, आणि खरी गोम इथेच आहे. या आजारात स्वादुपिंडाच्या एका खंडिकेतल्या (छोट्या विभागातल्या) बेटांमध्ये, म्हणजे बीटा पेशी असलेल्या पुंजक्यांमध्ये, इन्सुलिन शिल्लक असतं, तर शेजारच्या खंडिकेत त्याचा मागमूसही नसतो. एकाच भागाच्या डझनभर स्लाइड मागवल्या तर निष्कर्ष फसवा आणि ब्लॉकही (ज्याचे काप काढतात तो ऊतीचा जपलेला तुकडा) खर्ची पडतो. शीर्ष, मध्यभाग आणि शेपूट, तिन्हीकडच्या मोजक्याच मागा. अँटीबॉडीचं स्टेनिंग (ठरावीक पेशी दिसाव्यात म्हणून काप रंगवणं) आधी मधुमेह नसलेल्या दात्याच्या, तुलनेने सहज मिळणाऱ्या नमुन्यावर बसवून घ्या. दुर्मिळ स्लाइडवर चाचपडू नका.

नमुना आला की सांकेतिक क्रमांकानेच नोंद. दाता कोण असेल याचा तर्क लढवू नका, गप्पांतही नाही. वय, लिंग, मृत्यूचं कारण आणि गाव एकत्र छापलं की नाव न लिहिताही माणूस ओळखू येतो, हे शोधनिबंध लिहिताना ध्यानात ठेवा. दाते आणि कुटुंबीयांचे आभार मात्र जरूर माना.

उरलेल्या स्लाइड परस्पर दुसऱ्या प्रयोगशाळेला देऊ नका. करारात म्हटल्याप्रमाणे परत करा किंवा नष्ट करा. प्रयोगातून काहीच हाती लागलं नाही, तरी ऊतीपेढीला कळवा, म्हणजे त्याच प्रयोगासाठी त्याच ब्लॉकचे पुन्हा काप निघणार नाहीत.