जॅझ ब्रंचची तयारी: आधी पंचांग, मग पाहुणे

नाशिकमध्ये विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी पैसे जमवायला जॅझ ब्रंच, म्हणजे उशिराच्या सकाळचं खाणं आणि सोबत जॅझ संगीत, करायचा असेल तर तारीख ठरवायला पंचांग काढा आणि पौषातला रविवार धरा. पौषात सहसा लग्नं होत नाहीत, त्यामुळे गंगापूर रोडची लॉन्स रिकामी असतात, भाव करता येतो. त्याहून मोठा फायदा वादकांचा. शहरात ट्रंपेट, क्लॅरिनेट वाजवणारी जी मंडळी आहेत, त्यातली बरीच वरातीच्या बँडमध्ये असतात. वैशाखात त्यांना फोन केलात तर उचलणारसुद्धा नाहीत. कालिदास कलामंदिर या नाट्यगृहाचा मोह सोडा. तिथे मांडीवर मिसळ घेऊन बसता येत नाही.

मग वादक जमवा. वरातीचा ट्रंपेट, चर्चमध्ये कीबोर्ड वाजवणारी एखादी मुलगी, कॉलेजच्या बँडचा ड्रमर, बेस गिटार. डबल बास (उभं धरून वाजवायचं मोठं तंतुवाद्य) मिळाला तर नशीब, नाही तर अडत नाही. पाच जण पुरतात, पण तालमी त्यांनी एकत्र केलेल्या हव्यात. आणि मानधन पहिल्याच फोनवर सांगा. ‘विद्यार्थ्यांसाठी आहे, फुकट वाजवा’ हे मला पटत नाही. एकाची फी भरायला दुसऱ्याची रोजी बुडवायची, ही कसली मदत?

तिकिटं छापण्याआधी हिशोब मांडा. समजा दीडशे माणसं, तिकीट सहाशे, म्हणजे ९०,००० रुपये. जेवण माणशी अडीचशे धरलं तर ३७,५०० गेले, वादकांचे २०,०००, साउंडचे १२,०००. हातात उरले २०,५००, आणि लॉनचं भाडं अजून यात धरलेलंच नाही. तेव्हा जेवणाचा किंवा साउंडचा खर्च उचलणारा एखादा व्यापारी आधी गाठा, तिकिटाला हात मग घाला.

कागदपत्रं कंटाळवाणी, पण टळत नाहीत. लाउडस्पीकरची परवानगी पोलिस ठाण्यातून. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे आणि दवाखाना, शाळा, कोर्टापासून १०० मीटरपर्यंत शांतता क्षेत्र असतं, म्हणून लॉन ठरवतानाच आजूबाजूला बघून घ्या. वाजवल्या जाणाऱ्या रचनांसाठी आयपीआरएस या गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा परवाना, मधल्या वेळेत रेकॉर्ड लावणार असाल तर ध्वनिमुद्रणांचे हक्क सांभाळणाऱ्या पीपीएलचाही. कार्यक्रम मदतीचा आहे म्हणून सूट मिळेल असं धरून चालू नका. पैसे नोंदणीकृत न्यासामार्फतच गोळा करा. तिकीट आणि देणगी यांची पावतीपुस्तकं वेगळी ठेवा: तिकिटाच्या बदल्यात माणूस जेवतो, ती देणगी नव्हे. दोन हजारांच्या वर रोख देणगीला करसवलत मिळत नाही, हे टेबलावर बसणाऱ्या कार्यकर्त्याला पाठ असू द्या.

साउंडवाला बहुधा लग्नातला डीजेवालाच असेल. त्याला आदल्या दिवशीच सांगा, बेस खाली, आवाज असा की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. ड्रमर काड्यांऐवजी तारांच्या ब्रशने वाजवतो तेव्हा होणारी सरसर मागच्या टेबलापर्यंत पोचली, तर समजा जमलं. जनरेटर लॉनच्या पार मागच्या कोपऱ्यात. पौषातल्या सकाळी नाशिक गारठलेलं असतं आणि गार ट्रंपेटचा सूर उतरतो, म्हणून वादकांना साडेआठला बोलवा, चहा द्या, वाद्यं तापू द्या, मग साउंडचेक. कार्यक्रम साडेदहाच्या आधी नको.

निवेदकाला दोनच वाक्यं द्या: मुंबईच्या ताजमध्ये १९३०च्या दशकात जॅझ वाजत होतं, आणि पुणतांब्यात जन्मलेल्या संगीतकार सी. रामचंद्रांबरोबर चिक चॉकलेट नावाचा गोव्याचा ट्रंपेटवादक काम करत होता. एवढ्यावर ‘हे आपलं नाही’ म्हणणाऱ्या काका-मावशींची कुजबुज थांबते. पहिल्या भागात ओळखीच्या चालींवर वाजवू द्या, अनोळखी रचना जेवणानंतर.

जेवण मधल्या सुट्टीतच. मिसळीबरोबर पापड आलाच, आणि दीडशे पापड एकदम मोडले की सॅक्सोफोन काय करणार? साबुदाणा वडा, हुरडा, जिलेबी पुरे. वाइनचा विषय कोणी तरी काढेलच, नाशिक आहे. त्यासाठी उत्पादन शुल्क खात्याचा वेगळा परवाना लागतो, आणि शिष्यवृत्तीच्या कार्यक्रमात ती नसलेलीच बरी.

ज्यांना शिष्यवृत्ती द्यायची त्या मुलांना स्टेजवर उभं करून गरिबी वदवून घेऊ नका. फीची रक्कम थेट कॉलेजच्या खात्यात भरा, पावती मुलाच्या हातात.

वादकांची पाकिटं मात्र आदल्या रात्रीच नावं घालून भरून ठेवा. ‘उद्या ऑनलाइन टाकतो’ हे त्यांनी लग्नाच्या मांडवात पुष्कळ ऐकलेलं असतं.