मुलांना तोरा पारंपरिक चालीत वाचायला कसे शिकवावे

तोरा म्हणजे यहुदी धर्मग्रंथातली मोशेची पाच पुस्तके. सिनेगॉगमध्ये (प्रार्थनामंदिरात) ती हाताने लिहिलेल्या हिब्रू गुंडाळीतून, म्हणजे सेफेर तोरातून वाचतात. या गुंडाळीत नुसती अक्षरे असतात. स्वरखुणा नाहीत, विरामचिन्हे नाहीत, चालीच्या खुणाही नाहीत. चालीच्या या खुणा म्हणजे तेआमीम. तिबेरियाच्या मासोरेती पंडितांनी, म्हणजे बायबलचा हिब्रू पाठ जपणाऱ्या विद्वानांनी, दहाव्या शतकापर्यंत त्या पक्क्या केल्या आणि तोराच्या छापील पुस्तकात, खुमाशमध्ये, त्या मिळतात. बार मिट्झवाला, म्हणजे तेरा वर्षे पूर्ण झाल्यावर मूल धार्मिकदृष्ट्या सज्ञान होते तेव्हा, त्याला त्या बिनखुणांच्या गुंडाळीतून वाचायचे असते. तेव्हा निदान वर्षभर आधी सुरुवात करा.

आधी वाचन, मग चाल. स्वरखुणांचा मजकूर मूल न अडखळता वाचू लागेपर्यंत तेआमीमला हात लावू नका. नाहीतर ते चालीच्या भरात शब्द गिळते, आणि ही सवय मोडणे फार जड जाते.

मग चाल कोणाची ते ठरवा. अश्केनाझी (मध्य व पूर्व युरोपातल्या यहुद्यांच्या), येमेनी, बगदादी चाली निराळ्या आहेत. खुणांची नावेही बदलतात: अश्केनाझींचा तिपखा तो सेफार्दींचा (मूळ स्पेन-पोर्तुगालच्या यहुद्यांचा) तरखा. मुंबई-ठाण्याच्या बेने इस्रायल (मराठी यहुदी) कुटुंबाने आपल्या सिनेगॉगच्या हज्जानकडूनच, म्हणजे प्रार्थना म्हणवून घेणाऱ्याकडूनच, चाल घ्यावी. त्यांची परवानगी असेल तर फोनवर ध्वनिमुद्रण करा, मात्र शब्बाथला, म्हणजे शनिवारच्या विश्रामदिनी, नाही.

आता तोराचे पहिलेच वचन घ्या: ‘बेरेशीत बारा एलोहीम एत हाशामाईम वेएत हाआरेत्झ’. सात शब्द, खुणा फक्त पाच प्रकारच्या. ‘एलोहीम’खाली एतनाख्ता आहे, तिथे वचनाचा पूर्वार्ध संपतो. चाल न लावता मुलाला तिथे थांबून वाचायला सांगा. नंतर खुणांची नावेच चालीत म्हणून घ्या: तिपखा, मुनाख, एतनाख्ता, मेर्खा, तिपखा, मेर्खा, सिल्लुक. ती तोंडात बसली की त्याच चालीवर शब्द. मुनाख आणि मेर्खा पुढच्या शब्दाला जोडतात, त्यांच्यावर थांबायचे नाही. म्हणून खुणा सुट्या शिकवू नका, गटानेच शिकवा.

थांबण्याने अर्थ ठरतो, हे मुलाला जरूर दाखवा. यशया संदेष्ट्याच्या पुस्तकात ४०:३ मध्ये ‘कोल कोरे’ (वाणी पुकारते) नंतर विराम आहे: ‘एक वाणी पुकारते आहे – अरण्यात परमेश्वराचा मार्ग तयार करा.’ विराम एक शब्द पुढे सरकला तर वाणीच अरण्यात जाते. मुलांना हे फार आवडते, आणि मग ती खुणा स्वतःहून शोधू लागतात.

हफ्तारा हा तोरावाचनानंतर वाचायचा संदेष्ट्यांच्या ग्रंथांतला पाठ. त्याची चाल वेगळी असते, म्हणून तोराची चाल पक्की झाल्यावरच तो घ्या.

शेवटी तिक्कून हे सरावाचे पुस्तक घ्या. त्यात खुणांचा आणि बिनखुणांचा मजकूर शेजारी-शेजारी असतो. खुणांची बाजू झाकून रोज थोडी वचने वाचून घ्या. अर्थ बदलणारी चूक झाली की सिनेगॉगमध्ये वाचणाऱ्याला तिथल्या तिथे मोठ्याने दुरुस्त करतात. म्हणून घरीही मध्येच थांबवा आणि तो शब्द शांतपणे पुन्हा वाचून पुढे जायची सवय लावा.