उभ्या गाडीच्या टपावर साचणारं पाणी: आधी वाट मोकळी करा, मग भोक बुजवा

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, आणि गाडीच्या टपाचं खरं नुकसान तेव्हाच होतं. जोडांवरचं सीलंट वाळून भेगाळतं, काचेचं रबर कडक होऊन आकसतं, कॅरियरच्या बोल्टखालच्या रबरी वॉशरचा चुरा होतो. मृगाचा पाऊस फक्त ते उघडं पाडतो. म्हणून हे काम आखाजी (अक्षय्य तृतीया) उरकली की लगेच हाती घ्यावं. पाऊस लागल्यावर पत्रा पुरता कोरडा मिळत नाही आणि ओल्या पत्र्यावर सीलंट धरत नाही.

गळती दिसली की बहुतेक जण थेट सीलंटची नळी आणतात. तिथेच चूक होते. पाणी तुंबून राहिलं तर आज एक फट बुजवली तरी उद्या ते दुसरी शोधणार. आधी पाण्याला वाट करून द्यायची.

वाटा मोकळ्या करणे

व्हॅन, शाळेची गाडी, काळी-पिवळी यांच्या टपाच्या दोन्ही कडांना पन्हळ असते. ती पुढच्या काचेजवळ आणि मागच्या कोपऱ्यात उघडते. आपल्याकडे गाडी हमखास लिंबाखाली लावतात आणि जून-जुलैत निंबोळ्या पडतात. निंबोळीचा चिकट गर, पानं आणि उन्हाळ्याची धूळ मिळून पन्हळीत चिखलाचा बांध तयार होतो. जुना दात घासायचा ब्रश आणि मगभर पाणी एवढ्यावर तो निघतो. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडू नका, रंग उडाला की तिथूनच गंज धरतो.

सरकत्या दाराच्या रुळाच्या टोकाला पाणी जायचं छोटं भोक असतं, ते सायकलच्या आरीने मोकळं करा. पुढच्या काचेखालची प्लास्टिकची जाळीही विसरू नका. टपावरून काचेवर आलेलं पाणी तिथेच उतरतं. खाली पाचोळा साचला असेल तर ते पाणी ब्लोअरच्या वाटेने थेट पायाशी येतं आणि माणूस उगाच टपात भोक शोधत बसतो.

सनरूफवाल्या गाडीत चौकटीच्या कोपऱ्यांतून बारीक नळ्या खाली गेलेल्या असतात. त्यांत गवत कापायच्या यंत्राची २ मिमी जाडीची नायलॉन दोरी हलक्या हाताने सारा. कॉम्प्रेसरची हवा मारू नका. आतल्या आत नळी जोडातून सुटते आणि मग सगळं पाणी सीलिंगमध्ये, म्हणजे टपाच्या आतल्या अस्तरात उतरतं.

गाडी कुठे, कशी उभी करायची

काळ्या मातीत भरलेली गाडी रात्रभर उभी राहिली आणि पाऊस झाला, की एका बाजूची चाकं रुततात. टप त्या बाजूला कलतो आणि सगळं पाणी एकाच पन्हळीत जातं. मुरूम टाकलेली जागा बघा, नाहीतर चारही चाकांखाली फळ्या द्या. पुढची किंवा मागची बाजू दोन-तीन इंच उंच ठेवली तर पाणी टपावर थांबत नाही. हँडब्रेकवर विसंबू नका, चाकांना दगड लावा.

पोचे

माल बांधताना टपावर उभं राहिल्याने, किंवा उन्हाळ्यातल्या गारपिटीने पोचे पडतात. एक फूट लांब-रुंद आणि अर्धा सेंटीमीटर खोल पोच्यात जवळजवळ अर्धा लिटर पाणी राहतं. ते वाळताना कडेला धुळीचं वर्तुळ उरतं, पुढच्या सरीत तीच धूळ ओल धरते आणि रंग फुगतो. सीलिंग काढून आतून तळहाताने हळूहळू दाबा, उथळ पोचा बऱ्याचदा तसाच उठतो. घडी पडलेला असेल तर डेंटिंगवाल्याकडे न्या. पुट्टी भरून समतल करायचा मोह टाळा, उन्हात पत्रा फुगतो-आकसतो आणि जाड पुट्टी तडकते.

गळती नेमकी कुठे आहे

सीलिंग खाली घ्या आणि आतल्या पट्ट्यांवर कोरडी रांगोळी किंवा पावडर चोळा. एक माणूस आत बॅटरी घेऊन बसेल. बाहेरच्याने मगाने पाणी सोडायचं, वॉशिंगच्या प्रेशरने नाही. आधी सखल बाजूला, मग वर सरकत, प्रत्येक जोडाला निदान पाच मिनिटं. पाणी एकीकडून शिरतं आणि पट्टीवरून वाहत जाऊन हातभर लांब टपकतं. पावडरीवरचा ओला ओघळ मागे मागे नेला की मूळ सापडतं. बहुतेक वेळा ते कॅरियरच्या पायाखालीच निघतं.

बोल्ट काढा. भोकाभोवती दोन इंच पत्रा ८० नंबरच्या आणि मग १२० नंबरच्या पॉलिश पेपरने चमकेपर्यंत घासा, थिनरने पुसा, प्राइमर आणि रंग द्या. रंग पुरता वाळल्यावर भोकाभोवती पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटचं ५ मिमी जाडीचं कडं घाला, वर नवा रबरी वॉशर, त्यावर स्टीलचा वॉशर, मग बोल्ट. सीलंट कडेने थोडं बाहेर येईल इतकाच आवळा. सगळं पिळून बाहेर काढलं तर आत धरायला काही उरत नाही. काम सकाळी लवकर करा, आणि गाडी निदान एक दिवस कोरडी ठेवा, कारण हे सीलंट दिवसाला दोन-तीन मिलिमीटरच आतपर्यंत पक्कं होतं.

व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पत्र्यावर वापरू नका. त्यातलं आम्ल उघड्या लोखंडाला गंज चढवतं, आणि पुढे त्यावर रंगही बसत नाही. एमसील घट्ट होतं पण लवत नाही, म्हणून पहिल्याच उन्हाळ्यात सुटतं.

ताडपत्रीची गाडी

इथे धोका गळतीपेक्षा वजनाचा जास्त आहे. १ मिमी पाऊस म्हणजे दर चौरस मीटरला १ लिटर पाणी. ९ बाय साडेपाच फुटांच्या पिकअपवर २५ मिमी पाऊस पडला तर सुमारे ११५ लिटर होतात. ताडपत्री झोळीसारखी लोंबत असेल तर त्यातलं बरंचसं तिच्यातच साठतं, झोळी आणखी खोल होते आणि शेवटी आयलेट (दोरी ओवायची कडेची भोकं) फाटतात. परतीच्या पावसात खाली कापूस असेल तर नुकसान मोठं. ओलावा १२ टक्क्यांवर गेलेला कापूस सीसीआयच्या (भारतीय कापूस महामंडळाच्या) खरेदी केंद्रावर घेतला जात नाही.

उपाय म्हणजे मधोमध आढं. पिकअपच्या रुंदीला मधला भाग कडेपेक्षा सात-आठ इंच उंच हवा. दोन-दोन फुटांवर वाकवलेल्या पाइपच्या कमानी घाला आणि त्यांच्या टोकांना जुनी ट्यूब गुंडाळा, नाहीतर तिथेच ताडपत्री घासून फाटते. नायलॉनची दोरी भिजल्यावर थोडी लांबते. म्हणून पहिल्या सरीनंतर अर्ध्या तासाने सगळ्या गाठी पुन्हा ओढायच्या, हा भाग लोक विसरतात.

झोळी भरलीच, तर तिच्याखाली शिरून काठीने ढोसू नका. शंभर किलो पाणी एकदम अंगावर येतं. अर्ध्या इंची नळी पाण्याने पूर्ण भरा, दोन्ही टोकं बोटाने बंद धरा. एक टोक झोळीच्या तळाशी बुडवून, दुसरं त्याहून खाली जमिनीकडे नेऊन सोडा. पाणी आपोआप उतरतं.

बरेच दिवस उभी राहणारी गाडी आठवड्यातून एकदा तरी कोरडी करा, डासाच्या अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. टपावरचं पाणी बॅटरीत घालू नका, त्यात धूळ आणि क्षार असतात. बॅटरीला डिस्टिल्ड वॉटरच लागतं. बादलीत धरलेलं पाणी चाकं धुवायला चांगलं.