जुन्या स्कूटरचा थर्ड पार्टी इन्शुरन्स घरबसल्या कसा काढायचा

आधी एमपरिवहन अॅपवर गाडीचा नंबर टाकून बघा पॉलिसी कधी संपतेय ते. सप्टेंबर २०१८ पासून नवीन टू-व्हीलरला पाच वर्षांचा थर्ड पार्टी (समोरच्याच्या नुकसानीचा विमा) घ्यावाच लागतो (कारला तीन), पण सोबतचा ओन डॅमेज, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा विमा, बऱ्याचदा एकाच वर्षाचा असतो, म्हणजे एकाच कागदावर दोन तारखा, आणि लोक लांबची तारीख बघून निवांत बसतात.

संपला असेल तर आरटीओबाहेरच्या एजंटकडे पळू नका. तारदेव असो, वडाळा असो, ते "सर, स्पेशल रेट देतो" म्हणणारच, पण थर्ड पार्टीचा दर सरकारच ठरवतं, कुठल्याही कंपनीकडे जा, बेस प्रीमियम तोच. जून २०२२ च्या दरांप्रमाणे ७५ च्या वर ते १५० सीसीपर्यंत, म्हणजे आपली अॅक्टिव्हा-ज्युपिटर, वर्षाला ७१४ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. गाडी किती जुनी आहे याचा या दराशी काही संबंध नाही. नुसता थर्ड पार्टी काढायला साधारणपणे इन्स्पेक्शनही लागत नाही, कंपनीच्या साइटवर जायचं, आरसी समोर ठेवून चेसिस आणि इंजिन नंबर नीट टाकायचा (इथे घाई नको, क्लेमच्या वेळी हाच नंबर तपासतात), यूपीआय केलं की पीडीएफ मेलवर.

आता नीट वाचा. यात समोरच्याचा मृत्यू किंवा इजा झाली तर भरपाईला लिमिट नाही, मालमत्तेच्या नुकसानीला टू-व्हीलरसाठी एक लाखापर्यंत, पण तुमची स्वतःची हाडं मोडली तर यात शून्य. त्यासाठी १५ लाखांचा पीए (पर्सनल अॅक्सिडेंट) कव्हर असतो, आधीच दुसरीकडे नसेल तर टिक करा. मागे बसणाऱ्यालाही नुसत्या थर्ड पार्टीत कव्हर नसतो हे फार जणांना माहीतच नसतं, बायको रोज स्टेशनपर्यंत मागे बसते ना, मग तो वेगळा मागून घ्या.

विनाइन्शुरन्स पकडलं तर पहिल्यांदा २,००० आणि परत सापडलात तर ४,००० दंड, तीन महिन्यांपर्यंत कैदेची तरतूदही आहे. दंडाचं सोडा हो, अपघात झाला तर ट्रिब्युनल (अपघात भरपाईचं न्यायाधिकरण) लावेल ती भरपाई मालकाच्या खिशातून जाते, गाडी भाच्याने चालवली असली तरी.

सेकंडहँड घेतली असेल तर ट्रान्सफर झाल्यापासून १४ दिवसांत कंपनीला अर्ज करून पॉलिसी स्वतःच्या नावावर करून घ्या.