ब्रिटनमध्ये सोळाव्या वर्षानंतर कॉलेज निवडताना

जीसीएसई (आपल्या दहावीसारखी परीक्षा) झाल्यावर मुलाला ए-लेव्हलऐवजी (आपल्या बारावीसारखा पुस्तकी अभ्यासक्रम) हाताला काम शिकवणारा कोर्स हवा असेल, तर कॉलेजच्या चकचकीत माहितीपत्रकावर जाऊ नका. इंग्लंडमधल्या कॉलेजांची तपासणी ऑफस्टेड ही सरकारी संस्था करते (वेल्समध्ये एस्टिन) आणि अहवाल ऑनलाइन फुकट वाचता येतात. तेवढे वाचाच, पण खरी चौकशी प्लेसमेंटची, म्हणजे कोर्स चालू असताना कंपनीत काम शिकायच्या जागेची करा. असाच एक कोर्स म्हणजे टी-लेव्हल: दोन वर्षांचा, तीन ए-लेव्हलच्या तोडीचा. त्यात किमान 315 तास प्रत्यक्ष कंपनीत काढावे लागतात. ती जागा कॉलेज मिळवून देते की पालकांनीच ओळखीपाळखी काढायच्या? गेल्या वर्षी मुले कुठे गेली? ओपन डेला हे थेट विचारा. उत्तर गोलमोल आले, तर माझ्या मते पुढचे कॉलेज बघावे. वर्कशॉपही बघून घ्या, आणि बसला किती वेळ लागतो तेही.

महाराष्ट्रातून थेट येणार असाल तर आधी सरकारच्या परवानाधारक स्पॉन्सरांच्या (परदेशी विद्यार्थी घ्यायची परवानगी असलेल्या संस्थांच्या) यादीत कॉलेजचे नाव शोधा. एजंट काहीही सांगो. शिवाय पदवीपेक्षा खालच्या कोर्सला स्टुडंट व्हिसावर सत्र चालू असताना आठवड्याला 10 तासच काम करता येते. खर्चाचा हिशेब त्यावरच बांधा.